नोट्स ऐकू येतील अशा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तुमच्याकडे काय सोय आहे, असे विचारले की बहुतेक महाविद्यालये आधी रॅम्प दाखवतात. रॅम्प हवाच. लिफ्ट हवी, तळमजल्यावर वर्ग हवा, वापरता येईल असे स्वच्छतागृह हवे. पण ज्या मुलाला दिसत नाही, त्याला वर्गात पोचल्यावर लागतो तो अभ्यासाचा मजकूर, आणि तो आपण त्याला वाचता येईल असा देत नाही. हे पत्र त्यासाठी लिहिते आहे.

माझे राजारामपुरीत टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. नोट्स, प्रोजेक्ट, प्रबंध घेऊन मुले दिवसभर येत असतात. त्यांतलीच एक मुलगी भुदरगड तालुक्यातली, राज्यशास्त्रात एम. ए. करते. जन्मापासून दिसत नाही. मैत्रिणीबरोबर केएमटीच्या बसने येते. तिच्या जुन्या लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचे सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर जे लिहिलेले असेल ते वाचून दाखवते, मराठीही वाचते आणि फुकट मिळते. तिने एकदा इअरफोन माझ्या कानाला लावला, तर मला एक शब्द कळेना, इतक्या वेगात ते बोलत होते. "काकू, यापेक्षा हळू लावलं तर माझा अभ्यास कधी व्हायचा?" म्हणाली. आपण डोळ्यांनी एक प्रकरण वाचू, तोवर तिचे ऐकून झालेले असते.

मग तिने वर्गाच्या ग्रुपवर आलेली नोट्सची फाइल उघडली. मला पडद्यावर स्वच्छ मराठी दिसत होते, भारतीय संघराज्याची वैशिष्ट्ये. इअरफोनमध्ये मात्र, "कॅपिटल एच, आडवी रेघ, डॉलर, जे, कंस, कॅपिटल के..." ओळीमागून ओळ तेच. परीक्षा तोंडावर आलेली आणि हातात हे.

कारण आम्हा टायपिंगवाल्यांना ठाऊक आहे. ती फाइल जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली होती. त्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात, वर फक्त मराठी वळण दिसते. छापून वाचणाऱ्याचे काही अडत नाही. मशीन मात्र आत जे आहे तेच वाचणार. युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे आतही मराठी अक्षरेच असतात, टाइप केले असते, तर हीच फाइल तिने त्याच रात्री ऐकून संपवली असती.

दुसरी तऱ्हा स्कॅनची. विभागाची सूचना निघते, सही-शिक्का होतो, मग कोणीतरी मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकतो. फोटोत अक्षरे नसतात, चित्र असते. परीक्षा अर्जाची मुदत, तासाची बदललेली वेळ, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, सगळे त्या चित्रात अडकलेले. मैत्रिणीने वाचून दाखवले तर कळणार, ती गावी गेली असेल तर राहिले. मूळ सूचना कार्यालयातल्या संगणकावरच टाइप झालेली असते हो! तोच मजकूर फोटोखाली चिकटवायला किती वेळ लागतो?

या फाइली दुरुस्त करायचे काम मी करते, म्हणून त्यात काय जाते ते सांगते. जुन्या फाँटचा युनिकोड करणारी साधने आहेत, पण पहिली वेलांटी आणि रफार हमखास जागा सोडतात. जोडाक्षरे तुटतात. स्कॅनवरून अक्षरे ओळखून घ्यायची म्हटली, तर पान स्वच्छ लागते. आमच्याकडे येते ती झेरॉक्सची झेरॉक्स, कडेला काळा पट्टा, ओळींखाली कुणाच्या तरी पेनच्या रेघा. मग 'धर्म'चा 'घर्म' होतो, 'भारत'चा 'मारत'. तक्ते तर पार विस्कटतात. ओळ न् ओळ मुळाशी ताडून पाहावी लागते. हे सगळे आज त्या विद्यार्थ्याच्या वेळेतून आणि खिशातून होते. वर्गातली बाकीची मुले दुसरी उजळणी करत असतात, तेव्हा हिची पहिली फाइल तयार होत असते.

आणि हे टाळायला एक रुपया लागत नाही, याचे मला जास्त वाईट वाटते. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आहे. मोबाइलवर तर बोलूनही मराठी टाइप होते. सरकारी कामकाजात युनिकोड वापरा, असे राज्य सरकारने कधीच सांगितले आहे. तरीही प्रश्नसंचापासून संदर्भसूचीपर्यंत जुन्याच फाँटचे राज्य चालू आहे, कारण टाइप करणाऱ्याचा हात त्यावर बसलेला आहे. माझाही बसलेला होता. नवीन कीबोर्डची सवय होते.

एका प्राध्यापकांनी तिला पुस्तकाची फाइल द्यायला नकार दिला, कॉपीराइटचा भंग होईल म्हणून. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण कायदा तसा नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे म्हणून पुस्तकाचे सुलभ रूप करायला आणि शिक्षणासाठी ते तिला द्यायला मुभा आहे. अंध वाचकांसाठीच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा पहिला देश भारतच होता. ही माहिती प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत पोचलेली नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या. आधी ३ टक्के होत्या. प्रवेश मिळतो आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण कोल्हापूरला तरी यापुढचे सांगायला लागू नये. खेड्यातल्या पोराला शाळेचे दार उघडून भागत नाही, त्याला राहायची-जेवायची सोय लागते, हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली. नसीमादीदी हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवर असताना १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था इथेच सुरू केली. आत घेतलेल्या मुलाला शेवटपर्यंत शिकता यावे, याची काळजी या गावाने आधी घेतलेली आहे.

परीक्षेचे तर वेगळेच. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पेपर लिहून द्यायला लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. स्वतः लेखनिक आणायचा तर तो खालच्या इयत्तेतला हवा. पण खालच्या वर्गातल्या मुलांच्या परीक्षा त्याच दिवसांत असतात! माझ्या दुकानाच्या काचेवर 'लेखनिक हवा' अशी चिठ्ठी प्रत्येक सत्रात लागते. पेपरच्या आदल्या दिवशी मुलगी उजळणी सोडून फोनवर फोन करत बसते. लेखनिकांची यादी परीक्षा विभागाने आधीच तयार ठेवावी. ज्याला टाइप करता येते त्याला संगणकावर पेपर लिहू द्यावा, त्याच सूचनांत तशीही सोय आहे. मात्र त्यासाठी प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये असली पाहिजे. शेवटी गोष्ट तिथेच येते.

शिवाजी विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना विनंती आहे की, येत्या सत्रापासून विद्यापीठ आणि संलग्न महाविद्यालयांतली प्रत्येक सूचना, अभ्यासक्रम आणि नोट्स युनिकोड मजकुरात द्याव्यात, असे एक परिपत्रक काढावे. ते परिपत्रकही स्कॅन करून पाठवू नये. नोट्समध्ये नकाशा किंवा आलेख असेल, तर त्यात काय दाखवले आहे ते खाली दोन ओळींत लिहावे. एका महाविद्यालयात दुरुस्त झालेली फाइल दुसऱ्याला मिळत नाही, त्यामुळे तेच पुस्तक कोल्हापुरात एकदा आणि सांगलीत पुन्हा एकदा कोणीतरी तपासत बसते. अशा फाइली एकत्र ठेवायचे काम विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्राने, म्हणजे ग्रंथालयाने, हाती घेतले, तर कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतल्या मुलांचे कष्ट वाचतील.

तोवर ज्या शिक्षकांकडे जुन्या फाँटमधल्या नोट्स पडून आहेत आणि वर्गात अंध किंवा कमी दिसणारा विद्यार्थी आहे, त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन यावे. अशा कामाचे पैसे मी घेत नाही. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी कमी असते. येताना छापील प्रत तेवढी बरोबर आणावी, म्हणजे वेलांट्या ताडून पाहता येतील.

आपली,
एक टायपिंग व्यावसायिक,
राजारामपुरी, कोल्हापूर