टॅपेटावर पैसे लावण्याआधी

अलिबाग

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. लेकीकडे इंग्लंडात व्हॉल्व्हरहॅम्प्टनला हिवाळाभर राहणार आहेस, तर तिथल्या डन्स्टॉल पार्क रेसकोर्सवरची घोड्यांची रेस चुकवू नकोस. 1993 पासून तिथे रात्री दिव्यांच्या उजेडात घोडे पळतात. मात्र तिथला ट्रॅक टॅपेटा नावाच्या वाळूच्या मिश्रणाचा, म्हणून गवतावरच्या रेसचा आपला हिशेब तिथे लागू पडत नाही. तू ट्रॅकबद्दल आणि पैसे लावण्याबद्दल विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रिटनमध्ये ऑल-वेदर ट्रॅक, म्हणजे गवताऐवजी वाळूच्या मिश्रणाचे, सहा, पण मिश्रणं दोन. लिंगफील्ड, केम्प्टन आणि चेम्सफर्डला पॉलिट्रॅक. व्हॉल्व्हरहॅम्प्टन, न्यूकॅसल आणि साउथवेलला टॅपेटा. दोन्हींत वजनाने बहुतेक सिलिका वाळूच असते, आपल्या कणकवलीकडे कासार्ड्याला निघते त्या जातीची. तिच्यात कृत्रिम धागे मिसळतात आणि कणांवर मेणाचा पातळ थर चढवतात. पॉलिट्रॅकमध्ये रबराचे बारीक तुकडेही असतात. धाग्यांमुळे वाळू सरकत नाही आणि मेणामुळे पाणी वर न साचता खाली निघून जातं. समुद्रकाठची वाळू या कामाला निरुपयोगी, कारण तिच्यातले शिंपले टापांखाली दळले जातात, ती पूड फटींत बसते आणि निचरा तुंबतो.

नागावच्या पुळणीवर बैलगाड्या ओहोटीच्या ओल्या पट्ट्यातून का हाकतात ते तुला ठाऊक आहे. ओलीने वाळू जशी बांधली जाते, तशी ती इथे मेणाने बांधली जाते. ऊन लागलं की मेण मऊ पडतं आणि ट्रॅक मंदावतो. कॅलिफोर्नियात डेल मारला पॉलिट्रॅक होता तेव्हा हेच व्हायचं, सकाळी जलद आणि दुपारी जड. तू जाशील तेव्हा उलट असेल. थंडीत मेण आखडतं, पृष्ठभाग घट्ट होतो आणि वेळा जलद लागतात. म्हणून डिसेंबरची वेळ जुलैच्या वेळेशी ताडून पाहू नकोस. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला जमीन किती कडक ते सांगणारा पेनिट्रोमीटरचा आकडा मिळतो. व्हॉल्व्हरहॅम्प्टनला बहुधा नुसता ‘स्टँडर्ड’ किंवा ‘स्टँडर्ड टू स्लो’ एवढाच शब्द छापतात आणि त्यावरून फारसं कळत नाही. त्यापेक्षा त्या संध्याकाळच्या पहिल्या दोन रेसच्या वेळा बघ. ट्रॅक खोलवर उकरून नव्याने बसवला असेल तर काही काळ सैल राहतो, आणि पुढे पळणारा घोडा शेवटी दमतो.

वळण हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. महालक्ष्मीला घोडे उजवीकडे वळतात, व्हॉल्व्हरहॅम्प्टनला डावीकडे. सगळा फेरा जेमतेम मैलाचा, वळणं आवळ आणि शेवटची सरळ वाट सुमारे 350 मीटरची. अर्धवर्तुळाकार वळण कठड्यापासून एक मीटर बाहेरून घेतलं तर 3.14 मीटर जास्त पळावं लागतं. दोन मीटर बाहेरून गेला तर सव्वासहा मीटर. घोड्याची एक लांबी साधारण 2.4 मीटर धर. म्हणजे अडीच लांब्या नुसत्या वळणात गेल्या. डाव्या ट्रॅकवर लहान नंबरचा ड्रॉ, म्हणजे चिठ्ठीने मिळालेला सुरुवातीचा गेट, आतला. सुरुवात वळणाजवळ असेल आणि तुझ्या घोड्याला बाहेरचा गेट मिळाला असेल, तर तो एक तर मागे जाईल किंवा पुढे यायला सुरुवातीलाच दम खर्च करील. अशा घोड्याचा भाव कितीही मोठा दिसला तरी मी हात लावणार नाही.

दुसरी किल्ली रेटिंगची. ब्रिटिश हँडिकॅपर, म्हणजे घोड्याची कुवत आकड्यात मोजून त्याच्यावरचं वजन ठरवणारा अधिकारी, गवताचं आणि ऑल-वेदरचं रेटिंग वेगवेगळं ठेवतो. एखाद्याचं गवतावर 62 आणि टॅपेटावर 74 असेल, तर वाळूवरचा पराक्रम हँडिकॅपरने आधीच मोजला आहे. उलटं असेल तर बारकाईने पाहा: घोडा वाळूवर खरोखर कमी आहे, की तिथे पुरेसा पळालेलाच नाही? दुसरं असेल तरच त्यात दम. साउथवेलचा जुना फॉर्म, म्हणजे घोड्याची तिथली मागची कामगिरी, बाजूला ठेव. 2021 पर्यंत तिथे फायबरसँड होता, बिनमेणाचा, खोल आणि तोंडावर वाळू उडवणारा. त्याचा टॅपेटाशी संबंध नाही. पॉलिट्रॅकवरचा फॉर्म मात्र अर्धा तरी धरावा.

आता पैसे. प्रत्येक भावात जिंकण्याची शक्यता किती धरली आहे त्याची टक्केवारी काढ: 3/1, म्हणजे एकावर तीन नफा, तर 100 भागिले 4, म्हणजे 25. सहा घोड्यांचे भाव 2/1, 3/1, 4/1, 6/1, 8/1 आणि 12/1 असतील तर बेरीज सुमारे 111 येते. शंभराच्या वरचे 11 बुकीचे. शेजारच्या बुकीकडे ही बेरीज कमी असू शकते, म्हणून भावांचे फलक फिरून बघ. ‘ईच-वे’ म्हणजे एक विन (पहिला येण्यावर) आणि एक प्लेस (पहिल्या दोन-तिघांत येण्यावर) अशी दोन बेटं; पाच पौंड ईच-वे म्हणशील तर दहा पौंड द्यावे लागतील. सर्वसाधारण नियमाने पाच ते सात घोड्यांत पहिल्या दोघांना भावाचा चौथा हिस्सा, आठ ते अकरा असतील तर पहिल्या तिघांना पाचवा. आठपैकी एक घोडा ऐनवेळी काढला की तिसरी जागा जाते, तेव्हा नेमक्या आठच्या रेसमध्ये ईच-वे टाळ.

आपल्याकडे 22 सप्टेंबर 2025 पासून लावलेल्या रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे आणि 10,000 रुपयांवरच्या जिंकण्यावर 30 टक्के टीडीएस. तिथे बेट लावणाऱ्याकडून काही कापत नाहीत, पण जिंकलेलं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागेल. परत आल्यावर तिकडचं अ‍ॅप फोनवर चालू ठेवू नकोस. 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ इथे बंद झालेत.

मुंबईला असा ट्रॅक हवा का, या तुझ्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. महालक्ष्मीचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, कोरडा. तिथलं गवत मोडायचं कारण नाही. रेस पावसात होतात त्या पुण्याला, जुलैपासून. करायचाच तर तिथे करावा, गवताला लागून, म्हणजे पाऊस झोडपेल त्या दिवशी रेस त्यावर घेता येईल. सिंगापूरला क्रांजीत 2004 पासून गवत आणि पॉलिट्रॅक शेजारी होते, आणि तिथला पाऊस आपल्याला परका नाही. पण खालचा निचरा पक्का हवा. कॅलिफोर्नियातल्या सांता अनिताच्या अशाच कृत्रिम ट्रॅकवर 2008 च्या जानेवारीत पाणी खाली उतरेना आणि रेसचे दिवस बुडाले. तेही तिथल्या पावसात. घोड्यांच्या पायांसाठी मात्र सकाळच्या सरावाला अशी एक पट्टी दोन्हीकडे असावी असं मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या नोंदींत सिंथेटिक, म्हणजे अशा कृत्रिम ट्रॅकवर घोडे दगावण्याचं प्रमाण मातीपेक्षा सातत्याने कमी आहे.

पहिल्या रेसचं कार्ड हाती आलं की फोटो पाठव, ड्रॉ आणि रेटिंग दोन्ही दिसतील असा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोरेश्वर