गिऱ्हाईक अडकवू नकोस

वाशी,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या तुझ्या डिझाइन स्टुडिओत नवी कामं येतात, पण एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. म्हणून तू जाहिरातीवर पैसे घालायचं म्हणतोयस. ते पैसे सहा महिने तसेच राहू देत. आधी जुनी माणसं का जातात ते बघू.

सर्वांत कडू गोष्ट पहिल्यांदा सांगतो. तू लोगोची मूळ फाइल देत नाहीस, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतोस, दुकानाची गूगलवरची प्रोफाइल स्वतःच्या जीमेलवरून उघडतोस. गिऱ्हाईक हातातून सुटू नये हा त्यामागचा हिशेब मला कळतो. पण ज्याला जायचंय तो जातोच, फक्त चिडून जातो. आणि गोखले रोडवरचे दुकानदार रोज एकमेकांशी बोलतात.

म्हणून काम संपलं की एक फोल्डर गिऱ्हाइकांच्या हवाली कर. त्यात इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉची उघडी, म्हणजे बदल करता येतील अशी फाइल, अक्षरं कर्व्ह केलेली (फॉन्ट नसला तरी न बिघडणारी) पीडीएफ, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी आणि एका पानावर रंगांचे सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे) आकडे व फॉन्टची नावं असू देत. डोमेन त्यांच्या ईमेलवर हवं. गूगल प्रोफाइलचे मालक ते, तू मॅनेजर. जाहिरातीचं खातं आणि कार्डही त्यांचंच, तुला फक्त वापरायची परवानगी. सोबत हक्कांची चिठ्ठी दे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लोगोचे हक्क सहसा बनवणाऱ्याकडेच राहतात आणि ते लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाचच वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. तेव्हा ‘शेवटचा हप्ता मिळाल्यावर सर्व हक्क, कायमचे, जगभरासाठी’ असं स्पष्ट लिहून सही कर. एवढं हाती आलेला माणूस पुढचं काम दुसरीकडे नेताना दहादा विचार करतो.

दुसरी गोष्ट नोंदीची, आणि तुझी खरी कमाई इथे आहे. ‘मागच्या वेळचंच छापून द्या’ हे वाक्य गिऱ्हाइकाने फोनवर म्हटलं आणि तुला पुन्हा एकही प्रश्न विचारावा लागला नाही, की ते गिऱ्हाईक तुझं. त्यासाठी प्रत्येकाचं एक पान ठेव: कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड), गुळगुळीत आर्ट पेपर की साधा मॅपलिथो, लॅमिनेशन मॅट की ग्लॉसी, कुठल्या प्रेसमध्ये, ऑफसेटवर की डिजिटलवर, फ्लेक्सचं माप, अंतिम मंजुरी कोण देतं. आणि सही केलेला एक छापील नमुना पाकिटात घालून ठेव.

हा नमुना का, तर दुसऱ्या वेळी रंग वेगळा आला की भांडण ठरलेलं. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी नि पोपटी आरजीबीतला, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातला असतो, छपाईच्या चार शाईंत तो उतरत नाही. मॅपलिथो शाई पिऊन घेतो, म्हणून तोच लाल तिथे मळकट दिसतो. हे मंजुरीच्या आधी सांगितलं तर सल्ला ठरतो, छापल्यावर सांगितलं तर सबब. बारीक काळा मजकूर नेहमी फक्त काळ्या शाईत ठेव. तो चार शाईंत गेला आणि प्लेट केसभर सरकली की अक्षरांना रंगीत सावली येते. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची जागा), फोटो छापील मापात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की दाबला जाऊन त्याचा दर्जा उतरतो, तो डॉक्युमेंट म्हणून मागव. आणि फ्लेक्स छापायला देण्याआधी त्यावरचा फोन नंबर स्वतः लावून बघ, क्यूआर स्वतः स्कॅन कर. ही सवय स्टुडिओतल्या मुलांना लागलीच पाहिजे.

मराठीवर तर तू जरा जास्तच लक्ष दे, कारण आपल्या भागात खरा फरक तिथेच पडतो. महाराष्ट्राच्या दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही पाटी मराठीत लावणं बंधनकारक झालं. मराठी अक्षरं सुरुवातीला हवीत आणि इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पण पाट्या पाहा: ‘ऱ्या’ तुटलेला, वेलांटी भलत्याच अक्षरावर. इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिपीचा कंपोझर (अक्षरं नीट जोडणारी सोय) निवडला नाही की हे होतं. युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये तसाच चिकटवला तरी होतं. मजकुराची भाषा मराठी निवड, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे आपले ‘श’ आणि ‘ल’ येतील, हिंदी वळणाचे नाहीत. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) हा फॉन्ट घेतलास तर व्यावसायिक वापरालाही पैसे पडत नाहीत. आणि शुद्धलेखन तपासायला एक माणूस ठेव, तासाचे पैसे देऊन का होईना.

पैशांचं थोडक्यात. ५० टक्के ऑर्डरसोबत, ३० पहिला आराखडा पसंत पडल्यावर, २० अंतिम फायली देण्याआधी. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, तिसरीपासून वेगळा दर. हे कोटेशनवरच छाप. सरकारची लहान उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी अजून केली नसशील तर कर, ती फुकट आहे. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर तुझं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. धमकी देऊ नकोस. वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांच्या बिलांवर उद्यम क्रमांक ठळक छापलेला पुरतो, त्यांचा अकाउंटवाला तो बरोबर वाचतो.

काम दिल्यावर पंधराव्या दिवशी एक फोन कर, आणि त्यात काही विकू नकोस. कार्डं संपत आली का, पाटीचा दिवा लागतो का, पत्रक घेऊन कोणी आलं का, एवढंच विचार. रिव्ह्यू मागायचाच तर सरळ माग. सवलतीच्या बदल्यात घेतलेले रिव्ह्यू गूगलच्या नियमात बसत नाहीत. गिऱ्हाइकाच्या ओळखीतून नवं काम मात्र त्याच्या पहिल्या कामानंतर मागू नये, त्याचं दुसरं काम नीट पार पडल्यावर मागावं.

वाढीची घाई आहे ना तुला? मग महिन्याचं पॅकेज ठेव: १२ पोस्ट, २ रील, एक छापील काम. उरलेलं पुढच्या महिन्यात जाणार नाही, हेही लिहून टाक. दिवाळीची छपाई नवरात्रात मंजूर करून घे, नंतर प्रेसवाले कोणाचं ऐकत नाहीत. आणि एकाच गिऱ्हाइकाकडून पाव उत्पन्नापेक्षा जास्त येऊ लागलं तर सावध हो. पुढचा पगार नव्या डिझायनरला देण्याआधी फायली, तारखा आणि प्रेस सांभाळणाऱ्या माणसाला दे. तुझे चार तास त्यातच जातात.

गेल्या दोन वर्षांतल्या वीस गिऱ्हाइकांची नावं एका कागदावर काढ आणि कोणाची मूळ फाइल तुझ्याकडे अडकली आहे त्यापुढे खूण कर. त्यांना या आठवड्यात ती पाठवून दे, बिल न लावता. यादीची एक प्रत मलाही पाठव. कोणाशी पुन्हा बोलणं कसं सुरू करायचं ते आपण एकेक नाव घेऊन ठरवू.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मित्र