पाच सेंटिमीटरनं काय होतं? क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : दुरुस्तीनंतर आखूड झालेला पन्नास मीटरचा जलतरण तलाव.

महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या शहरातला पन्नास मीटरचा तलाव तीन महिन्यांत दुरुस्त करून देऊ, असं सांगून बंद करण्यात आला. तो चौदा महिन्यांनी उघडला. फीत कापून मंडळी गेल्यावर आमच्यातल्या पंचांनी सर्व्हेअर बोलावून टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रानं दोन भिंतींमधलं अंतर मोजलं. ते भरलं ४९ मीटर ९५ सेंटिमीटर. जुन्या टाइल न उखडता त्यांच्यावरच नव्या टाइल बसवल्या आहेत. टाइल आणि खालचा चिकटवायचा माल धरून दोन्ही भिंती अडीच-अडीच सेंटिमीटर आत सरकल्या. हे लेखी कळवलं तेव्हा उत्तर आलं, "पाच सेंटिमीटरनं काय होतं? मुलांना पोहायचंच आहे ना?"

पाच सेंटिमीटरनं काय होतं ते आधी सांगतो.

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत तो २२.४७ सेकंदांत आला, चौथा. कांस्यपदक गेलं २२.४६ ला. या वेगानं पोहणारा माणूस सेकंदाच्या शंभराव्या भागात सव्वादोन सेंटिमीटर अंतर कापतो. आशियाई पदक आणि रिकामे हात यांच्यात सव्वादोन सेंटिमीटर होते, आणि आमच्या तलावात त्याच्या दुप्पट अंतर टाइलखाली गेलं आहे.

नियम असा आहे की पन्नास मीटरच्या तलावात चूक चालते ती फक्त जास्तीच्या बाजूला, तीही किंचित. कमी एक मिलिमीटरही चालत नाही. आणि हे अंतर एका जागी मोजून भागत नाही. पाण्याच्या पातळीपासून ३० सेंटिमीटर वर ते ८० सेंटिमीटर खाली, प्रत्येक लेनमध्ये ते भरावं लागतं. त्यातही इलेक्ट्रॉनिक वेळेसाठी भिंतींना टचपॅड, म्हणजे हात लागताच वेळ नोंदवणाऱ्या पाट्या, लावले की प्रत्येक पॅड एक सेंटिमीटर जागा खातो. म्हणून जाणता माणूस भिंतींमधलं अंतर ५० मीटर २ सेंटिमीटर धरून बांधतो. बरोबर ५०.०० बांधलेल्या तलावात दोन्ही टोकांना पॅड लावले की तो ४९.९८ होतो आणि तिथला विक्रम कागदावर चढत नाही. आमचा तलाव पॅडसकट ४९.९३ भरेल. तिथे १५०० मीटर पोहणारी मुलगी तीस फेऱ्यांत दोन मीटरहून जास्त अंतर कमी पोहते. घरच्या घड्याळात ती पात्रतेची वेळ गाठते आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या पुऱ्या तलावात हुकते. मग तिलाच सांगितलं जातं की तू दडपणाखाली ढेपाळलीस.

महोदय, या देशात फ्रीस्टाइलचे विजेते कुठून आले याचा इतिहास पाहिला तर तो सरळ पाण्याचा इतिहास आहे. जिथे पोहायला पाणी मिळालं तिथे विजेते झाले. वाराणसीत जन्मलेले आणि कोलकात्याच्या हाटखोला क्लबात घडलेले सचिन नाग १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत दिल्लीत १०० मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट ४.७ सेकंदांत जिंकले. जलतरणातलं भारताचं वैयक्तिक आशियाई सुवर्ण ते एवढंच. २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेपर्यंत त्याला जोड मिळाली नव्हती. तो काळ बंगालचा होता, कारण कोलकात्यात हेदुआ आणि कॉलेज स्क्वेअरसारखी तळी शहराच्या पोटात होती आणि त्यांच्या काठी क्लब होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेल्या दोन मुलींपैकी आरती साहा कोलकात्याची, बारा वर्षंही पूर्ण न झालेली. दुसरी डॉली नझीर आपल्या मुंबईची. पुढे सेनादल, रेल्वे, पोलीस यांचे पोहणारे राष्ट्रीय स्पर्धांत पुढे आले, कारण त्यांच्याकडे नोकरीसोबत तलाव आणि सरावाची वेळ होती.

नंतर बंगळुरू. निशा मिलेट, हकिमुद्दीन हबीबुल्ला, शिखा टंडन, आरोन डिसूझा, श्रीहरी नटराज आणि २०२४ मध्ये चौदाव्या वर्षी पॅरिसला २०० मीटर फ्रीस्टाइल पोहलेली धिनिधी देसिंघू. सगळी कर्नाटकची. तिथे वर्षभर चालू राहणारे तलाव, पहाटे साडेचारला उघडणारं फाटक आणि त्याच काठावर वर्षानुवर्षं उभे राहणारे प्रशिक्षक आहेत. आपला वीरधवलसुद्धा सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल पोहला तो बंगळुरूला प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे सराव करून. त्याच २००८ सालातली त्याची १०० मीटरची ४९.४७ ही वेळ पुढे कित्येक वर्षं कोणाला मोडता आली नाही. कोल्हापूरला पंचगंगा आहे, रंकाळा आहे, विहिरीत सूर मारणारी पोरं आहेत. तरी त्याला राज्य सोडून जावं लागलं. २०२१ मध्ये मुंबईतले तलाव करोनामुळे बंद म्हणून अभिनेते आर. माधवन यांचा मुलगा वेदांत दुबईला सरावाला गेला. पुढच्या वर्षी त्यानं १५०० मीटर फ्रीस्टाइलचा कनिष्ठ गटातला राष्ट्रीय विक्रम मोडला, १६ मिनिटे १.७३ सेकंद. ज्यांच्या घरी दुबई परवडत नाही ती मुलं त्या दिवसांत घराच्या दाराला रबराचे पट्टे बांधून हात ओढत होती.

पट्ट्यानं खांद्याची ताकद टिकते. पाण्याची पकड टिकत नाही. फ्रीस्टाइलमध्ये हात पुढे टाकल्यावर कोपर वर ठेवून पंजा आणि मनगटाखालचा हात मिळून पाण्याला मागे दाबायचं असतं. ती जाणीव आठवडाभर पाण्याबाहेर राहिलं तरी बोथट होते आणि परत यायला त्याच्या दुप्पट-तिप्पट दिवस लागतात. चौदा महिने म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीची जवळजवळ अख्खी कारकीर्द. फ्रीस्टाइलच्या मुलींचा वेग झपाट्यानं वाढतो तो बारा ते सोळा या वयात. ते वय दुरुस्तीच्या मुदतवाढीसाठी थांबत नाही.

आता तलाव उघडला आहे, तर सराव कसा चालतो तेही पाहा. राष्ट्रीय पातळीवर टिकायचं तर फ्रीस्टाइलच्या मुलाला आठवड्याला नऊ सत्रं लागतात, दर सत्राला दोन तास, पाच ते सहा किलोमीटर. म्हणजे आठवड्याला पन्नास किलोमीटरच्या आसपास. आम्हाला मिळते ४५ मिनिटांची बॅच, एका लेनमध्ये वीस-पंचवीस मुलं. त्यात फार तर दीड किलोमीटर होतं. सहा दिवसांचे नऊ किलोमीटर. पन्नासाच्या जागी नऊ, आणि वर विचारणा होते की पदकं का येत नाहीत.

दुरुस्तीत बिघडलं ते फक्त अंतर नाही. तळाची काळी रेघ भिंतीच्या दोन मीटर आधी संपून तिथे एक मीटरची आडवी पट्टी हवी. ती पाहूनच पोहणारा शेवटचा स्ट्रोक मोजून कोलांटी घेतो. आमच्याकडे ती रेघ भिंतीपर्यंत नेली आहे. मुलं वळणाला एकतर भिंतीपासून लांब राहतात, नाहीतर टाच आपटून घेतात. टोकाच्या भिंतींना चकचकीत टाइल आहे. वळताना पाय तिथेच सटकतात. तिथे खरबरीत टाइलच हवी. उथळ बाजूला पाणी एक मीटर आणि तिथेही स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे सूर मारायचे चौथरे, बसवले आहेत. ब्लॉकसमोर भिंतीपासून एक मीटर ते निदान सहा मीटर अंतरापर्यंत किमान १.३५ मीटर खोली लागते. कमी खोलीत सूर मारला तर मानेचं हाड मोडू शकतं. तिथून उडी मारू नका अशी पाटी लावायला आम्ही सांगितलं, आणि शेवटी पाटीही आम्हीच लावली.

पाण्याचं तर विचारू नका. ५० बाय २५ चा, सरासरी दोन मीटर खोल तलाव म्हणजे पंचवीस लाख लिटर पाणी. ते सहा तासांत एकदा गाळून निघायचं तर ताशी चार लाख लिटरहून जास्त पाणी फिल्टरमधून फिरलं पाहिजे. पंप दोन असून एकच चालतो, तोही सकाळी आठनंतर. वीजबिल वाचतं आणि पाणी हिरवं होतं. मग पोतंभर ब्लीचिंग पावडर टाकली जाते. ब्लीचिंगनं पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती अल्कधर्मी आहे ते दाखवणारा आकडा, चढतो. पीएच ७.२ असताना क्लोरीनचा दोन तृतीयांश भाग जंतू मारायच्या कामी येतो, ८ झाला की जेमतेम पाव. म्हणजे जितकं टाकावं तितकं वाया. पालक म्हणतात, मुलाचे डोळे लाल झाले, क्लोरीन फार झालं. खरं कारण बहुतेक वेळा उलटं असतं. घाम आणि लघवी यांच्याशी मिळून क्लोरीनची क्लोरामाइन होतात, ती डोळ्यांना आणि छातीला झोंबतात. त्याला उपाय पुरेसं क्लोरीन, ताजं पाणी आणि तलावात उतरण्याआधी साबणानं अंघोळ. पीएच आणि क्लोरीन तपासायची साधी पेटी आठवड्याच्या ब्लीचिंगपेक्षा स्वस्त आहे. ती आमच्या तलावावर नाही, आणि ती हवी अशी अटही निविदेत नाही.

निविदेत काय आहे ते आम्ही माहितीच्या अधिकारात मागवून वाचलं. टाइलचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आहे. रंगाचे हात किती ते आहे. प्रेक्षागृहातल्या खुर्च्या मोजल्या आहेत. पूर्ण झालेल्या तलावाची लांबी मोजून दाखवा, असं एका ओळीतही नाही. पाण्यात उतरणाऱ्या एकाही माणसाला विचारून तो कागद केलेला नाही. बिल पास करणाऱ्याला लांबी माहीत नाही, मोजणाऱ्याला खोली माहीत नाही, आणि मैदान, सभागृह, तलाव या सगळ्याला एकाच साच्यातून मंजुरी मिळते. राग पाच सेंटिमीटरचाच असता तर आम्ही हातोडा घेऊन स्वतः गेलो असतो. राग या कारभाराचा आहे. त्याला खेळाडू शेवटी आणि सत्कारापुरता आठवतो.

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सैनिक. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले, देशाचं पहिलं वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, सेहेचाळीस वर्षांनी. सचिन नाग १९८७ मध्ये वारले. ध्यानचंद पुरस्कार जाहीर झाला २०२० मध्ये. वीरधवलला राज्यानं २०१० मध्ये तहसीलदार केलं. नोकरी दिली हे चांगलंच केलं, आम्ही ते मानतो. त्याच वर्षी ग्वांगझोऊला त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं होतं. पण त्यानंतर आशियातला तो वेगवान पोहणारा बरीच वर्षं स्पर्धेपासून लांब राहिला. परतला तो सत्ताविशीकडे झुकताना, आणि जकार्ताला शतांश सेकंदानं हुकला. सरावाची ती हरवलेली वर्षं सव्वादोन सेंटिमीटरपेक्षा किती मोठी होती, याचा हिशेब कोणीतरी मंत्रालयात मांडायला हवा होता. २०२३ ला गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पणजीला कांपालच्या तलावात त्यानं आणि त्याच्या पत्नी ऋजुता खाडे यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलची दोन्ही सुवर्णपदकं महाराष्ट्राला मिळवून दिली आणि त्यानं निवृत्ती घेतली. त्याच्यामागे आपल्या राज्यातून कोण तयार होतं आहे, हे आपण आपल्या विभागाला विचारावं. आम्ही विचारलं, तर आम्हाला सत्काराच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका पाठवण्यात आली.

आमचं मागणं मोठं नाही. नवा तलाव मागत नाही. दोन्ही टोकांच्या भिंतींवरच्या नव्या आणि जुन्या अशा दोन्ही टाइल उखडून, मूळ काँक्रीटपासून मोजून, पॅडसकट पन्नास मीटर भरतील अशा खरबरीत टाइल बसवा. काळ्या रेघा दुरुस्त करा. उथळ टोकाचे ब्लॉक आजच काढा, त्याला निविदा लागत नाही, पाना लागतो. पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत आठपैकी चार लेन सरावासाठी ठेवा. आणि यापुढे राज्यातल्या कुठल्याही तलावाचं अखेरचं बिल, जलतरण संघटनेच्या पंचांसमोर सर्व लेनची लांबी मोजून सही झाल्याशिवाय काढू नका. शक्य झाल्यास ही शेवटची मागणी परिपत्रक म्हणून काढा. दर तलावामागे असं पत्र लिहायला आमच्याकडे वर्षं नाहीत, मुलांकडे तर नाहीतच.

मोजणीला यंत्र आणि सर्व्हेअर आमचा. पाण्याची पातळी ८० सेंटिमीटर खाली उतरवावी लागेल, ते रात्रभर पंप चालवून होतं. वाया जाऊ नये म्हणून ते पाणी क्लोरीन उतरल्यावर शेजारच्या बागेला सोडता येईल, उद्यान विभागाशी आम्ही बोललो आहोत. भिंतींचं काम पाऊस लागायच्या आत उरकायला हवं, म्हणजे मोजणी याच महिन्यात झाली पाहिजे. रविवार सोडून कुठलाही वार चालेल. तारीख आणि तलावाच्या किल्ल्या कोणाकडून घ्यायच्या, एवढं कळवावं.

आपले,
जलतरण प्रशिक्षक, पंच आणि पालक