आष्ट्याच्या जमिनीचे पैसे

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेला तक्ता आणि आमराईत फिरायला येणाऱ्या काकांच्या मुलाचा मेसेज, दोन्ही नीट वाचलं. फोनवर विषय काढला की तुम्ही "बघू, बघू" म्हणता आणि आई चहा ठेवायला उठते, म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणा. मोबाईलवर वाचलंत तर निम्मं सोडाल.

बेत असा दिसतोय की, आष्ट्याच्या जमिनीतल्या आईच्या वाट्याचे जे ६० लाख आले, ते अमेरिकेतल्या एका 'इंटरनॅशनल हाय डिव्हिडंड' ईटीएफमध्ये (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) घालायचे. लाभांश डॉलरमध्ये येणार आणि रुपया घसरेल तसा तो आपोआप फुगणार. फंड भुरटा नाही, हे आधीच सांगते. व्हॅनगार्डचा आहे, २०१६ पासून चालू आहे, खर्चही किरकोळ. अमेरिका सोडून बाकी जगातल्या भरपूर लाभांश देणाऱ्या हजाराहून जास्त कंपन्या त्यात आहेत: नेस्ले, रोश, टोयोटा, एचएसबीसी, शेल वगैरे. रुपयाचंही खोटं नाही. २०१५ मध्ये डॉलर ६४-६५ ला होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली.

आई लगेच म्हणेल, "मग तू स्वतः घेतेस आणि आम्हाला का नको?" मी घेते, खरं आहे. असाच एक फंड, पण आयर्लंडमध्ये नोंदवलेला, आणि इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, आयसा या करमुक्त बचत खात्यात. त्या खात्यात वर्षाला २०,००० पौंडांपर्यंत पैसे टाकता येतात आणि लाभांशावर इथे कर लागत नाही. आणि मी निवृत्त होईन तेव्हा माझी भाजीही पौंडातच येणार आहे. तुमचं दूध, गॅस, बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणि आईच्या गुडघ्याचा डॉक्टर, सगळं रुपयात आहे.

आता लाभांशाबद्दल. बाबा, तुम्ही त्याला व्याज समजताय. कंपनीने शंभराच्या शेअरवर एक रुपया वाटला की त्या दिवशी शेअर साधारण नव्व्याण्णवला उघडतो. पैसा आपलाच, एका खिशातून दुसऱ्यात. आणि तो दर तिमाहीला सारखा येत नाही. युरोपातल्या पुष्कळ कंपन्या वर्षाचे हिशेब मंजूर झाल्यावर वसंतात एकदाच वाटतात, नेस्ले त्यातलीच. त्यामुळे माझ्या फंडाचा जूनचा हप्ता घसघशीत असतो आणि मार्चचा पाहून हसू येतं. मला फरक पडत नाही, मी ते पैसे परत त्यातच घालते. घरखर्च त्यावर चालवायचा असता तर मार्चमध्ये हसले नसते.

शिवाय तक्त्यातला जो टक्का बघून तुम्ही खूश झालात, तो कधीकधी चुकीच्या कारणाने मोठा दिसतो. शेअर कोसळला आणि लाभांश अजून तोच राहिला की टक्का वर जातो. आपल्याकडे हच जाऊन आलं ते व्होडाफोन आठवतंय ना? त्या कंपनीचा मूळ शेअर लंडनला आहे. कित्येक वर्षं लोक तो लाभांशासाठीच धरून होते. मे २०१९ मध्ये कंपनीने लाभांश ४० टक्क्यांनी कापला. कोविडच्या सुरुवातीला, एप्रिल २०२० मध्ये, शेलने दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच लाभांश कमी केला, आणि केला तो दोन-तृतीयांशाने. त्याच सुमारास इथल्या नियामकाच्या सांगण्यावरून एचएसबीसीने आधीच जाहीर केलेला लाभांशसुद्धा रद्द केला. हाँगकाँगमध्ये कितीतरी म्हातारी माणसं त्या शेअरकडे पेन्शन म्हणून बघायची. फंडात हजार कंपन्या असल्या की एकीचा फटका पचतो, पण २०२० सारखं सगळ्यांनीच एकदम हात आखडता घेतला तर फंडाचाही हप्ता घटतो, आणि त्याची हमी कुणी दिलेली नसते.

एवढं असूनही मी "थोडे घाला" म्हटलं असतं. मला खरं अडवलं ते कराने.

पैसे आईचे आहेत, तेव्हा खातं आईच्याच नावावर हवं (बाबा, यावर चर्चा नाही). एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गुंतवणुकीसाठी बाहेर पाठवलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. म्हणजे ६० लाख पाठवायला आणखी १० लाख हाताशी हवेत. ते परत मिळतात, पण रिटर्न भरून, वाट बघून. पुढे प्रत्येक लाभांशातून अमेरिका २५ टक्के कापून घेणार. कंपनी स्वित्झर्लंडची असो की जपानची, फंड अमेरिकेत नोंदवलाय ना! त्याआधी स्विस सरकारने आपला वाटा काढलेला असतो तो वेगळाच. काकांच्या मुलाने लिहिलंय की अमेरिकेत कापलेला कर भारतात वळता करून मिळतो. मिळतो, पण भारतात कर बसत असेल तरच. आईला दुसरं उत्पन्न नाही. प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत तिला शून्य कर आहे, मग वळता कशातून करणार? ६० लाखांवर ४ टक्के धरले तर वर्षाला २ लाख ४० हजार, त्यातले ६० हजार तिकडेच बुडाले.

आणि बाबा, तुमचा तो रिटर्नचा सोपा 'सहज' फॉर्म इथे चालणार नाही. परदेशी मालमत्ता असली की आयटीआर-२ हा मोठा फॉर्म लागतो, आणि उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरावाच लागतो. त्यात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो, तो एप्रिल-मार्चचा नाही, जानेवारी-डिसेंबरचा. एवढी रक्कम त्यात दाखवायची राहिली तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. तुम्ही चोख भराल, शंका नाही. पण तुमच्यानंतर आईने हे करायचं?

आता नको ते लिहिते. भारतात वारशावर कर नाही, १९८५ पासूनच नाही. अमेरिकेत आहे. तिथे न राहणाऱ्या परदेशी माणसाला फक्त ६०,००० डॉलरपर्यंत सूट मिळते, त्यावरच्या रकमेवर कर चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत जातो. नव्वदच्या भावाने ६०,००० डॉलर म्हणजे ५४ लाख, म्हणजे आपण पहिल्याच दिवशी रेषेच्या पलीकडे. आणि कर थोडाच बसला तरी पैसे सोडवायला तिकडच्या कर खात्याची कागदपत्रं, वकील, ईमेल. हे सगळं दुःखाच्या दिवसांत, सांगलीत बसून. माझा आयर्लंडचा फंड या कचाट्यात येत नाही, म्हणून तर मी तो निवडला.

आता बाजूला पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना ठेवा. सध्या ८.२ टक्के आहे, मर्यादा माणशी ३० लाख. आईच्या नावावर ३० लाख ठेवले तर दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतील, मार्च असो की जून. तुम्ही जोडखातेदार झालात तर दोघांतलं कुणी मागे राहिलं तरी खातं पुढे चालवता येतं. रटाळ आहे, मान्य. आमराईत सांगायला काही मजा नाही.

उरलेल्या तीसांतले दहा-बारा लाख एफडीत, चटकन मोडता येतील असे. बाकीचे, आईची हरकत नसेल तर, एखाद्या साध्या इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या) हळूहळू. परदेशात काही हवंच असेल तर ते माझ्याकडे आहे असं धरा, शेवटी घर एकच आहे.

काकांच्या मुलाला काही बोलू नका. तो अमेरिकेत राहतो, तिथेच कर भरतो, त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे.

आई, सोमवारी पॅन, आधार आणि दोन फोटो घेऊन विश्रामबागच्या पोस्टात तूच जा, बाबांना नुसतं सोबत ने. फॉर्मवर नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका. आणि जमिनीच्या खरेदीखताची एक प्रत मला स्कॅन करून पाठवा, दादालाही.

तुमची
रेवा