सरपंच निवडताना १, २, ३ लिहू द्या: ग्रामविकासमंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत मी माझं मत स्वतःच्या हातानं बाद केलं. केंद्रावर जांभळा स्केचपेन मिळाला, मतपत्रिका मिळाली आणि मी पसंतीच्या उमेदवारापुढे ठसठशीत बरोबरची खूण करून बाहेर आलो. संध्याकाळी भाचीला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "मामा, तिथं आकडा लिहायचा असतो. तुझा एल झाला." एल म्हणजे लॉस, हे मला नंतर कळलं. या निवडणुकांत पदवीधरांचीच हजारो मतं अशी बाद होतात, म्हणजे मी एकटा नाही, एवढंच समाधान.

भाचीचंही ते पहिलंच मतदान. तिनं १, २, ३ लिहिलं, कारण तिची पिढी दिवसभर तेच करते. खेळाडू, मालिका, कॉलेजातले प्राध्यापक, सगळ्यांची टियर लिस्ट: वर एस टियर, तळाला एफ. (ती सूचना वाचते आणि मी वाचत नाही, हेही खरं.)

२०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. एका पदाला पाच जण उभे राहतात, त्यातला एखादा निव्वळ मतं खायला उभा केलेला. समजा हजार मतं पडली आणि ३४० मिळवणारा जिंकला. उरलेल्या ६६० जणांना तो चालला असता का, हे आपण विचारतच नाही. उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायच्या पद्धतीत ते विचारलं जातं. निम्म्याहून एक मत जास्त कुणालाच नसेल, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. मतं खायला उभा राहिलेला मग कुणाचं काही खाऊ शकत नाही.

हे परदेशी खूळ नाही. १९६९च्या राष्ट्रपती निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी पहिल्या पसंतीच्या ४,०१,५१५ मतमूल्यासह सर्वांत पुढे होते, पण जिंकायला लागणारा कोटा होता ४,१८,१६९. पुढे असूनही त्यांना थांबावं लागलं. आपले चिंतामणराव देशमुख तिसरे होते. त्यांच्यासह मागचे उमेदवार बाद झाले, दुसऱ्या पसंत्या मोजल्या गेल्या, तेव्हा कुठे गिरी ४,२०,०७७ वर पोचले. राष्ट्रपतिपदाला चालतं ते सरपंचपदाला का चालू नये? पंचायत निवडणुकांबाबत कायदा करण्याचा अधिकार संविधानाच्या कलम २४३ के नं राज्य विधिमंडळाला दिलेला आहे.

अडचण आहे. यंत्रावर एका पदासाठी एकदाच बटण दाबायचं असतं, म्हणजे सरपंचपदापुरती तरी कागदी मतपत्रिका आणावी लागेल, आणि मोजणीला वेळ लागेल. म्हणून सगळीकडे एकदम नको. कायद्यात तरतूद करा आणि ज्या ग्रामसभा ठराव करून मागतील तिथं एकदा घेऊन पाहा.

आता मुद्दा समजावून सांगण्याचा. आपले अधिकारी या पद्धतीचं नाव 'एकल संक्रमणीय मत' असं छापतील आणि माझ्यासारखे पुन्हा बरोबरची खूण करतील. कुणी हुशार माणूस 'रिझ', 'ऑरा' असले पोरांचे चलतीतले शब्द घातलेलं मीम बनवायला सांगेल. कृपया नको. फाइल मंजूर होईपर्यंत ते शब्द शिळे होतात, आणि सरकारच्या तोंडी आले की त्याच दिवशी मरतात. 'काय झाडी, काय डोंगार' आजोबांपासून नातवापर्यंत पोचलं, ते कुठल्या विभागानं बनवलं नव्हतं म्हणूनच. त्यापेक्षा पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरापोरींना गावाच्या चावडीवर नमुना मतपत्रिका भरून दाखवू द्या. त्यांच्या शब्दांत. 'एक नंबर' हा शब्द तर प्रत्येक पिढीच्या तोंडी आहे, फक्त तो आकड्यात लिहायचा असतो, एवढं मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

आपला,
एक बाद मतदार