आयसीपी-ओईएसबाबतची आमची तक्रार 'उपकरण ठीक' या शेऱ्यावर बंद केल्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

महोदय,

आपल्या कंपनीचे आयसीपी-ओईएस (अतितप्त आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात नमुना फवारून, त्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून मूलद्रव्ये मोजणारे उपकरण) आमच्या प्रयोगशाळेत बसवून सात महिने झाले. खारट नमुन्यांत शिसे कमी दिसते, ही आमची तक्रार आपल्या सर्व्हिस इंजिनीअरने 'कॅलिब्रेशन उत्तम, उपकरण ठीक' असा शेरा मारून बंद केली. ती पुन्हा उघडावी, यासाठी हे पत्र.

कॅलिब्रेशन उत्तम आहे, हे आम्हालाही मान्य आहे. २ टक्के नायट्रिक आम्लात केलेल्या प्रमाण द्रावणांचा आर-स्क्वेअर (आलेख किती सरळ आहे याचे माप) ०.९९९९ येतो. त्यावरून एवढेच कळते की शुद्ध आम्लातले शिसे हे उपकरण नीट मोजते. आमच्या नमुन्यात सुमारे १ टक्का सोडियम असते. त्यात लिटरमागे ०.५० मिलिग्रॅम शिसे मुद्दाम घातले, तेव्हा वाढ दिसली ०.३९ ची. नमुना आधी पाचपट पातळ करून तेवढेच शिसे घातले, तर ०.४७ ची. शिसे तेच, हात तोच, कॅलिब्रेशनचा कर्व्ह तोच. बदलले ते फक्त मीठ. इंजिनीअरसमोर आम्ही हे करून दाखवले. त्यांनी टॉर्च (ज्यात प्लाझ्मा पेटतो ती नळी) बदलली, आपली स्वच्छ द्रावणे पुन्हा चालवली आणि अहवालावर सही मागितली. आम्ही सही केली नाही.

त्याच नमुन्यात पोटॅशियम मात्र २२ टक्के जास्त येते, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. सोडियम प्लाझ्मात सहज इलेक्ट्रॉन सोडते, त्यामुळे पोटॅशियमचे आयनीभवन दबते, त्याचे अणू जास्त उरतात आणि ॲक्सियल दिशेने (प्लाझ्माच्या लांबीच्या बाजूने) पाहताना त्याची ७६६.४९० नॅनोमीटरची प्रकाशरेषा उजळते. शिशाची २२०.३५३ ही आयनाची रेषा. ती उमटायला बरीच ऊर्जा लागते, म्हणून प्लाझ्मावर भार आला की ती मंदावते. आपण दिलेल्या मेथड फाइलमध्ये (मोजणीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) या दोघांनाही इंटर्नल स्टँडर्ड (सगळ्या द्रावणांत सारखेच घातलेले, तुलनेसाठीचे मूलद्रव्य) म्हणून एकच इट्रियम ३७१.०२९ जोडले आहे. नेब्युलायझरमधून (द्रावणाचा फवारा करणाऱ्या भागातून) द्रावण कमी पोचले, तर ती तूट इट्रियम भरून काढते. पण एक आकडा खाली आणि दुसरा वर गेला असताना एकाच गुणकाने दोन्ही कसे सुधारणार?

मॅग्नेशियमच्या २८०.२७० आणि २८५.२१३ या रेषांच्या गुणोत्तरावरून प्लाझ्मा किती दमदार आहे ते कळते. मर्मे यांनी १९९१ मध्ये मांडलेली ही चाचणी या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. आपल्या मूळ सेटिंगवर हे गुणोत्तर ५ च्या आसपास होते. आम्ही प्लाझ्माची शक्ती १.४ किलोवॅट केली, नेब्युलायझरचा आर्गॉन मिनिटाला ०.८५ लिटरवरून ०.६० वर आणला. गुणोत्तर १० झाले आणि शिशाची रिकव्हरी (घातलेल्या शिशापैकी मोजणीत दिसलेला भाग) ९३ टक्क्यांवर गेली. हे आम्हाला आपल्याकडून, उपकरण बसवतानाच, कळायला हवे होते.

फोनवर मिळालेल्या 'स्टँडर्ड ॲडिशन करा, सगळे सुटेल' या सल्ल्याबद्दलही लिहिणे भाग आहे. (स्टँडर्ड ॲडिशन म्हणजे नमुन्यातच ठरावीक शिसे वाढवत जाऊन मूळचे किती ते काढणे.) ॲल्युमिनियम जास्त असलेल्या नमुन्यांसाठी तो चुकीचा आहे. शिसे नसलेल्या शुद्ध ॲल्युमिनियमच्या द्रावणातही २२०.३५३ वर लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम 'शिसे' दिसते, कारण तिथली ॲल्युमिनियमची पार्श्वभूमी सपाट नाही आणि आपल्या फाइलमधला करेक्शन पॉइंट (वजा करायची पार्श्वभूमी जिथे मोजतात ती जागा) नेमका उतारावर बसतो. स्टँडर्ड ॲडिशनने कर्व्हचा चढ सुधारतो. मुळातच मिसळलेला हा वाढीव प्रकाश तसाच राहतो. आलेखाची रेषा सुंदर सरळ येते आणि उत्तर चुकीचे निघते.

या काळात दिलेले दोन अहवाल आम्ही परत मागवले आहेत. खाली सही माझी होती आणि त्या आकड्यांवर विसंबून लोकांनी निर्णय घेतले होते, याचा मला मनापासून त्रास होतो.

'उपकरण ठीक' हा शेरा लेखी मागे घ्यावा. सुट्या भागांची पेटी घेऊन येणाऱ्या इंजिनीअरऐवजी ॲप्लिकेशन केमिस्टला पाठवावे. त्यांनी आमच्याच नमुन्यांवर, सोडियम मिसळलेल्या प्रमाण द्रावणांसह, स्पाइक रिकव्हरी दाखवावी. सोडियम-पोटॅशियमसाठी रेडियल दिशेची (प्लाझ्माकडे आडवे पाहणारी) वेगळी मेथड आणि शिशाचे सुधारित करेक्शन पॉइंट द्यावेत. ही फाइल इतर ग्राहकांकडेही गेली असेल, तर त्यांनाही कळवावे. १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपली विश्वासू,
प्रयोगशाळा प्रमुख

सोबत: स्पाइक रिकव्हरीच्या मूळ नोंदी, ॲल्युमिनियम द्रावणाचा स्पेक्ट्रम, सही न केलेला सर्व्हिस अहवाल