शाप नव्हे, तळतळाट

संपादक महाशय,

रविवारच्या पुरवणीत जपानी भयपटांवर आलेल्या लेखात ताकाशी शिमिझू यांच्या ‘जु-ओन’ (२००२) या चित्रपटाचे वर्णन ‘एका शापित जुन्या वाड्याची गोष्ट’ असे केले आहे. यातला ‘शापित’ चुकीचा, ‘जुना’ चुकीचा आणि ‘वाडा’ तर साफच चुकीचा. हा शब्दांचा कीस वाटेल, पण या चित्रपटाची भीती नेमकी याच तीन ठिकाणी आहे.

‘जु’ म्हणजे शाप हे खरे. पण सगळा भार ‘ओन’वर आहे आणि त्यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे, तळतळाट. शाप कुणीतरी उच्चारतो, कुणाला तरी उद्देशून देतो आणि बहुतेक वेळा त्याला उःशापही असतो. तळतळाट नुसता लागतो. चित्रपटाच्या सुरुवातीची पाटी हेच सांगते: संतापाने जळत मेलेल्या माणसाचा तळतळाट तो जिथे वावरला तिथे साचतो, त्याच्या वाऱ्याला जो येईल तो मरतो आणि त्यातून नवा तळतळाट जन्मतो. नवऱ्याने संशयावरून मारलेल्या कायाकोचे त्या घरात नंतर आलेल्यांशी काही वैर नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करायला आलेली रिका, भाऊ राहतो म्हणून घरी डोकावणारी हितोमी, गंमत म्हणून शिरलेल्या शाळकरी मुली, कुणाचाच गुन्हा नाही. आपला मुंजा निदान पिंपळ सोडत नाही, झाड टाळले की सुटलो. इथे हितोमी स्वतःच्या फ्लॅटवर परतते, अंगावर पांघरूण ओढते आणि कायाको त्या पांघरुणाच्या आत असते. एवढ्या एका दृश्याने लहानपणापासूनची शेवटची सुरक्षित जागाही काढून घेतली आहे.

आता घर. ते टोकियो परिसरातल्या कुठल्याही गल्लीत दिसेल असे साधे दुमजली घर आहे. चौक नाही, तुळया नाहीत, भुयार नाही. लेखात ज्या ‘रहस्यमय कपाटा’चा ओझरता उल्लेख आहे, ते म्हणजे ‘ओशिइरे’. हे फर्निचर नव्हे, भिंतीतच बांधलेला कोनाडा असतो. लांबी साधारण १८० सेंमी, खोली ९० सेंमी, म्हणजे एका तातामी चटईएवढी जागा. मध्यावर आडवी फळी, पुढे सरकती दारे. रात्रीच्या गाद्या दिवसा घडी करून त्यात ठेवतात, म्हणून एवढी खोली लागते. आणि म्हणूनच त्यात एक मूल मांडी घालून सहज मावते. रिका वरच्या मजल्यावर ज्याची चिकटपट्टी ओरबाडून काढते ते हेच. आत आधी काळे मांजर आणि मग कायाकोचा लहान मुलगा तोशिओ. कपडे ठेवायचे उभे कपाट डोळ्यांसमोर आणले तर हा प्रसंग कळतच नाही.

याच कोनाड्याचा आणखी एक उपयोग जपानी प्रेक्षकाला सांगावा लागत नाही. पोटमाळ्यावर वायरिंग किंवा गळती बघायला जायची वाट बहुधा इथूनच असते. वरची एखादी फळी न ठोकता नुसती टेकवून ठेवतात. आधीच्या, २००० सालच्या व्हिडिओपटात कायाकोचे प्रेत पोटमाळ्यावर सापडते. म्हणजे अंथरूण ठेवायची जागा आणि प्रेताची जागा यांच्यात एक सैल फळी.

जिन्याचेही तसेच. जपानच्या बांधकाम नियमांत घरगुती जिन्याची पायरी २३ सेंमीपर्यंत उंच आणि पाय ठेवायला कमीत कमी १५ सेंमी रुंद चालते, जिन्याची रुंदी ७५ सेंमीही पुरते. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरासाठी हेच आकडे १९ आणि २५ आहेत. हिशेब केला तर त्यांचा जिना ५७ अंशांपर्यंत चढा होऊ शकतो, आपला ३७. चढ्या, अरुंद जिन्यावरून कुणी डोके पुढे करून सरपटत उतरले, तर खाली उभ्या माणसाच्या नजरेला आधी चेहरा येतो, धड मागून. बाजूने निसटायला जागा नसते. कायाको झालेल्या ताकाको फुजी यांनी चित्रपटातले जिन्यावरचे ते सरपटणे स्वतःच्या अंगाने केले आहे. कायाकोच्या घशातून येणारी ती कटकट तर खुद्द शिमिझू यांची.

हा आवाज मोबाइलवर हमखास मरतो. छोट्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. उरते नुसते टकटक, आणि मग लोक म्हणतात, ‘यात घाबरण्यासारखे काय?’ चित्रपट मंडळांनी दाखवताना टीव्हीवरचा ‘डायनॅमिक’ मोड आधी बंद करावा. त्याने काळा रंग राखाडी होतो आणि कोनाड्यातला अंधार उजळून निघतो. हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारे ‘मोशन स्मूदिंग’ही बंद, नाहीतर सगळे दैनंदिन मालिकेसारखे दिसते. डबिंग टाळावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सबटायटलची फाइल आधी तपासावी. चित्रपटाचे सहा भाग आहेत: रिका, कात्सुया, हितोमी, तोयामा, इझुमी, कायाको. प्रत्येकाआधी फक्त नावाची पाटी येते आणि हा क्रम काळाचा नाही. कात्सुयाचे प्रकरण पडद्यावर दुसरे, पण घडते रिकाच्या आधी. कित्येक फाइलींत संवाद असतात, पाट्यांचे भाषांतर नसते. मग अर्धे सभागृह एकमेकांना विचारत बसते. निवृत्त पोलिस तोयामा घर जाळायला पेट्रोल घेऊन जातो, तेव्हा त्याला तिथे मोठी झालेली स्वतःची मुलगी, म्हणजे इझुमी, दिसते. काळ सोडून जागा धरली तरच हे उलगडते.

जाता जाता, लेखासोबतचे छायाचित्र २००४ च्या अमेरिकी आवृत्तीतले आहे. दिग्दर्शक तेच, कायाकोही तीच आणि कथाही टोकियोतच घडते, त्यामुळे गफलत समजू शकते. पण चित्रात त्या आवृत्तीची नायिका सारा मिशेल गेलर अगदी मधोमध उभी आहे.

– एक वाचक, पुणे